सुलतानाची लाल झेंडी

बोरखेडीपासून समुद्र किती लांब, हे बोरखेडीत कुणाला ठाऊक नव्हतं. पण ‘सुलताना’ जहाजाची कुंडली मात्र शेंबड्या पोरालाही पाठ होती. ही सगळी सदाशिवराव पाटलांची कृपा. दर पोळ्याला बैल मिरवून झाले, पुरणपोळी पोटात गेली, की पाटील चावडीच्या ओट्यावर लोडाला टेकत आणि लढाईतल्या जहाजाची गोष्ट काढत. लोक मन लावून ऐकत, कारण पाटील सांगत छान. खोटं बोलणाऱ्याला देव आवाज बरा देतो, असं श्रावणची आई तानाबाई म्हणायची.

श्रावण ओट्याखाली, चपलांच्या पलीकडे बसून ऐकायचा. तोही त्याच जहाजावर होता. पण महारवाड्यातल्या माणसाला ‘तू सांग बाप्पा’ असं कोण म्हणणार?

गोष्ट अशी असायची. अमेरिकेतल्या कुठल्याशा गोदीत सुलताना जन्माला आली ती माल वाहायला. पोटात धान्य-कापूस भरायचा आणि गुमान चालायचं, एवढंच तिच्या नशिबी लिहिलेलं. पण लढाई पेटली, जर्मनांच्या पाणबुड्या व्यापारी जहाजं धडाधड बुडवू लागल्या, आणि राखणीला विमानं हवीत म्हणून या अर्धवट बांधलेल्या जहाजावर ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत सपाट डेक ठोकून दिला. झालं विमानवाहू! अमेरिकेनं ते इंग्रजांना उसनं दिलं, आणि इंग्रजांनी त्याचं नाव ‘सुलताना’ ठेवलं. राजे-नवाबांची राज्यं गिळायची आणि नावं जहाजांना द्यायची, ही त्यांची जुनी खोड. वीसेक विमानं पाठीवर घेऊन सुलतानानं अटलांटिकच्या थंडीत मालवाहू जहाजांचे तांडे राखले. मग सुएझमधून ती इकडे आली, सिलोनच्या त्रिंकोमाली बंदरात तिनं नांगर टाकला, आणि तिथून ब्रह्मदेशाच्या किनाऱ्यावर जपान्यांच्या अंगावर विमानं सोडू लागली. रंगून घेतलं तेव्हा ती तिथेच होती.

इथपर्यंत पाटील खरं सांगत. इथून पुढे ‘मी’ सुरू व्हायचा. मी डेकवरची टोळी अशी चालवली, मी गोऱ्या वैमानिकाला आगीतून ओढून काढलं, साहेबानं माझी पाठ थोपटली. आणि अगदी शेवटी, आवाज जरा खाली आणून, “आपल्या गावचा एक पोरगा तिथं दारूपायी गेला बिचारा.” लोक चुकचुकत. तो पोरगा म्हणजे गुलाब, श्रावणचा धाकटा भाऊ.

गावानं त्या मरणाची म्हणच करून टाकली होती. कुणी जत्रेत पिऊन झोकांड्या खाऊ लागला की लोक हसून म्हणत, “जास्त झाली काय रे? गुलाब होशीन!” तानाबाईच्या कानावर ते पहिल्यांदा पडलं त्या दिवसापासून तिनं पोराचं नाव घेणं सोडलं. फुलालासुद्धा ती गुलाब म्हणेना. आणि त्या दिवसापासून श्रावणनं मनात एकच गोष्ट धरली. पाटलाच्या तोंडून, भर गावात, खरं काढायचं. आणि नाही निघालं, तर त्याला गुलाबसारखंच मारायचं.

खरं काय होतं ते आता सांगायला हवं.

बेचाळीसला आष्टीच्या ठाण्यावर जमाव चालून गेला, त्यात पाटलांचा एक चुलता सापडला. घराण्याची सरकारशी निष्ठा दिसावी म्हणून सदाशिवच्या वडिलांनी, थोरल्या पाटलांनी, मॅट्रिक होऊन एका पोराचा बाप झालेल्या सदाशिवला मजूर-पलटणीत भरती केलं, आणि त्याच्या सोबतीला महारवाड्यातले हे दोघे भाऊ धाडले. ही पलटण त्रिंकोमालीला पोचली तेव्हा सुलतानावर हात कमी पडत होते. विमानं ढकलायला मजूर घेतले, त्यांत हे तिघे. सदाशिव मुकादम, बाकीचे ढकले.

काम सोपं होतं आणि जीवघेणं होतं. विमान मागच्या बाजूनं डेकवर उतरायचं, त्याच्या शेपटीचा आकडा डेकवर आडव्या ताणलेल्या पोलादी दोरात अडकायचा, आणि ते जागीच थांबायचं. टोळी डेकच्या कडेला खालच्या अरुंद गॅलरीत दबून बसलेली असे. तिथून डेक दिसायचा नाही, येणारं विमान दिसायचं नाही; दिसायची फक्त उंचावरची लाल झेंडी. झेंडी वर असेपर्यंत डेकवर पाय टाकायचा नाही. झेंडी पडली की धावत सुटायचं आणि विमान ढकलत पुढे न्यायचं, कारण मागून दुसरं घिरट्या घालतच असे. मुकादम तेवढा पायरीवर डोकं वर काढून उभा राही आणि हाळी देई, “पडली!”

टोळ्यांत चुरस असे. जी टोळी आधी विमान हलवील तिच्या मुकादमाचं नाव साहेबाच्या तोंडी यायचं, आणि सदाशिवला त्या नावाची भारी हाव. रोज तो झेंडीच्या आधी हाळी देऊ लागला. आधी श्वासभर आधी, मग दोन श्वास. रंगूनच्या मोहिमेतल्या एका सकाळी एक विमान उतरलं, दुसरं पाठोपाठ येत होतं, झेंडी वरच होती. सदाशिव ओरडला, “पडली!” गुलाब टोळीत सगळ्यांत चपळ, तो हाळीसरशी उडी मारून वर गेला. श्रावणनं मान वर करून झेंडी पाहिली, “थांब रे!” म्हणून त्याचा सदरा धरला. हातात नुसती बाही आली.

दुसऱ्या विमानाचा आकडा दोराला लागलाच नाही. ते उसळत पुढे गेलं आणि पहिल्यावर आदळलं. सदाशिवनं आगीतून वैमानिक ओढून काढला, हे खरं. त्याच आगीत दोन हातांवर गुलाब पडला होता, त्याला कुणी ओढलं नाही.

चौकशीला गोरे अफसर बसले. श्रावणला इंग्रजी येत नव्हतं, त्यांना मराठी येत नव्हती. मग दुभाषी कोण? तोच मुकादम! श्रावणनं रडत-रडत सगळं सांगितलं, की झेंडी वर होती, यानंच खोटी हाळी दिली. सदाशिवनं मान डोलावत ते इंग्रजीत केलं. एका अफसरानं उठून श्रावणच्या खांद्यावर हात ठेवला. न्याय झाला, असं त्या भोळ्याला वाटलं. पुढे एका गोवेकर स्वयंपाक्यानं त्याला निकाल समजावून सांगितला. त्यात लिहिलं होतं, की मयताच्या सख्ख्या भावानंच साक्ष दिली, पोरगा सकाळपासून प्यालेला होता आणि हुकुमाशिवाय धावला.

गुलाबला आधीच कापडात गुंडाळून समुद्रात सोडलं होतं. निकाल कळला त्या रात्री श्रावण सदाशिवला धरायला निघाला, तर चौघांनी त्याला दाबून ठेवलं. दुसऱ्या दिवशी सदाशिवनं साहेबाला सांगून त्याला किनाऱ्यावर उतरवून दिलं.

लढाई संपली. श्रावण पुलगावच्या दारूगोळ्याच्या डेपोत पेट्या उचलायला लागला. तिथे त्याला आरमारातून आलेला एक मद्रासी भेटला, त्याच्याकडून सुलतानाचं पुढचं कळलं. इंग्रजांनी तिला अमेरिकेला परत केलं. वरचा डेक उतरवला, नाव पुसलं, आणि ती पुन्हा व्यापाऱ्याचा माल वाहायला लागली. आता म्हणे ती कुठल्यातरी बंदरात धान्याची पोती उतरवते. श्रावण म्हणाला, “जहाज सुटलं बाप्पा. डेक उतरला, पाप बी उतरलं. पाटील काऊन सुटावा पण?”

छप्पन्नच्या दसऱ्याला श्रावण नागपूरला जाऊन आला. सगळी वस्तीच गेलती. दीक्षा घेऊन परतल्यावर वस्तीनं गावकीची कामं टाकली. मेलेलं ढोर ओढायचं नाही, डफडं वाजवायचं नाही, आणि माघातल्या शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, बैलांपुढे उभं राहायचं नाही. हे शेवटचं गावाला जड गेलं. बोरखेडीच्या पटात जोड्या एकामागून एक सुटत. नदीकाठच्या पडीत शेतातली ती धाव मातीची, पहिल्या जोडीनं उडवलेल्या धुळीत मागची जोडी सुटली की नाही हे दिसायचं नाही. आजवर महारवाड्यातली माणसं वाटेवर उभी राहून बैल धरणाऱ्याला ओरडून सांगत, आणि दर दोन-चार वर्षांनी त्यांतलं एखादं चेंगरत असे. त्याचं गावाला फारसं वाटत नसे. आता उभं कोण राहणार?

पटाचे पंच अण्णाजी, सरळ माणूस, पिकल्या मिश्यांचा. त्यानं चावडीत विषय काढला तेव्हा श्रावण चपलांपलीकडून उठून उभा राहिला.

“सुलतानावर झेंडी होती, अण्णाजी. पाटील दर पोळ्याले सांगतेत. उंच माच्यावर एक माणूस उभा करा. झेंडी वर असली त वाट बंद, पडली त मोकळी. मी धरतो.”

सदाशिवरावांचा चेहरा पडला. पण करतात काय? त्या झेंडीची तारीफ त्यांनीच दहा-बारा पोळे केली होती. नाही म्हणायला तोंड कुठे होतं! अण्णाजीनं मांडी थोपटून पसंती दिली.

वस्तीत मात्र श्रावणवर थू-थू झाली. धर्म बदलला आणि पुन्हा पाटलाच्याच पटात राबायला निघाला म्हणून. तो एवढंच म्हणाला, “राबाले नाई चाललो. उंचावर उभा राहाले चाललो.” बायको सुलोचना काही भोळी नव्हती. भाकरी थापता-थापता तिनं विचारलं, “झेंडी खोटी पाडान तुमी. हो ना?”

श्रावणनं ताटातली भाकरी मोडली.

“जीव नाई घेणार म्हणून शपथ घेतली तुमी. माह्या बाजूले उभं राहून घेतली.”

“मी झेंडी धरून राह्यलो, सुलोचना. कुऱ्हाड नाई.”

“गुलाबभाऊजीले बी कुऱ्हाडीनं नोहोतं मारलं,” ती म्हणाली. श्रावण ताटावरून उठला.

खरं सांगायचं तर तिनं बरोबर ओळखलं होतं. बोरखेडीच्या पटात एक रीत होती. धाव संपते तिथे नांगरलेली जमीन, तिच्यापलीकडे खोल नाला. जोडी नांगरटीत मंदावली की धन्यानं स्वतः वाटेवर उतरून तिची वेसण धरायची. ‘धन्याचा हात’ म्हणत त्याला. दुसऱ्यानं धरली तर जोडी बाद. शेवटच्या फेरीत तर जोड्या अगदी पाठोपाठ सोडायचे. धूळ असेल, पाटील आपल्या बैलांकडे तोंड करून वाटेत उभे असतील, मागून दुसरी जोडी भरधाव येत असेल, आणि झेंडी पडलेली असेल. एक तप श्रावणनं ज्याची वाट पाहिली ते असं ताटात वाढून आलं होतं. शेवटच्या फेरीत पाडायची, असं त्यानं ठरवून टाकलं.

पटाच्या दिवशी ही गर्दी! पुलगावच्या गिरणीतले लोक सुटी काढून आलेले, भज्यांच्या कढया उकळत होत्या. वस्तीतली माणसं दूर बांधावर उभी राहिली. सुलोचनेनं तानाबाईला तिथे हातरीवर आणून बसवलं. श्रावण माच्यावर चढला. उन्हात त्याची लाल झेंडी साऱ्या शेताला दिसत होती.

पाटलांची पांढरी जोडी तालुक्यात नावाजलेली, आणि धुरकरी म्हणजे छकड्यावर उभा राहून हाकणारा त्यांचा थोरला मुलगा प्रभाकर. पहिल्या फेरीत ती वाऱ्यासारखी आली. झेंडी पडली. पण वाटेवर उतरला पाटलांचा गडी. पाटील कडेला गुडघा चोळत उभे. लोकांत कुजबुज झाली. अण्णाजी कडाडला, “पाटील, या बारीले सोडून देतो. पुढच्या बारीले धन्याचा हात पाह्यजे, नाई त जोडी बाद.”

दुसऱ्या फेरीआधी पाटील माच्याखाली आले. वर पाहत हळूच म्हणाले, “श्रावण्या, नीट पाहून पाडजो बाप्पा.”

“तुमच्याच टोळीत शिकलो, पाटील,” श्रावण म्हणाला.

पाटलांनी घाम पुसला. मग ते कडेला जाऊन उभे राहिले. श्रावणला त्या घामाचा इतका आनंद झाला की झेंडीची काठी त्यानं दोन्ही हातांनी आवळली.

पांढरी जोडी सुटली. शेतभर आरोळी उठली, धुळीचा लोट तिच्यामागे आडवा पसरला, आणि रेषा ओलांडून जोडी नांगरटीत शिरली. श्रावणनं मागे पाहिलं. पुढची जोडी अजून सुटायच्या जागेवरच होती, तिचं जू निसटलं होतं आणि चार माणसं ते बसवत होती. वाट मोकळी होती, लख्ख मोकळी. खोटी झेंडी शेवटच्या फेरीसाठी राखलेली. ही खरीच होती. त्यानं झेंडी पाडली.

पाटील हलले नाहीत.

ते धुळीकडे पाहत होते. मग झेंडीकडे, मग श्रावणच्या तोंडाकडे. “धरा, धरा! धन्याचा हात!” लोक ओरडत होते. पाटलांनी एक पाय पुढे टाकला आणि विस्तवावर पडावा तसा मागे घेतला. बैल हुंगत, बिथरत, ओळखीच्या आवाजाची वाट पाहत थोडे थांबले, आणि कुणी येईना म्हणून पुन्हा उधळले, थेट नाल्याकडे. काठावर प्रभाकरनं उडी टाकली. छकडा नाल्यात गेला. बैल वाचले, पण प्रभाकर उठला तेव्हा त्याचा उजवा हात कोपरापासून नको तिकडे वळला होता.

त्या हाताचं श्रावणला वाईट वाटलं, पण लगेच नाही. मग तो माच्यावरून उतरला.

लोकांनी प्रभाकरला धरून आणलं. वेदनेनं तोंड काळवंडलेलं, तरी तो आधी बापापुढे उभा राहिला. “बाबा, झेंडी पडलती. तुमी काऊन नाई आले?”

“खोटी होती!” पाटील किंचाळले. “मागं जोडी होती धुळीत! हा मले मारून राह्यला होता, तुमाले समजत नाई काय?”

अण्णाजीनं सुटायच्या जागेकडे बोट दाखवलं. धूळ बसली होती. दुसरी जोडी तिथेच उभी होती, तिचं जू आत्ता कुठे बसलं होतं. “वाट मोकळी होती, पाटील. सगळ्यायनं पाह्यलं. अन् थो काऊन मारन तुमाले?”

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली. तानाबाई सुलोचनेच्या आधारानं चालत येत होती. तिनं पाटलांच्या अगदी पुढ्यात येऊन मान वर केली.

“हो ना पाटील, काऊन मारन माहा पोरगा तुमाले?” ती म्हणाली. “गुलाब त दारू पिऊन मेला ना?”

इतक्या वर्षांनी तिच्या तोंडून ते नाव निघालं होतं. ज्याला त्याला कळत होतं, की म्हातारीनं विचारलं ते खरं असेल तर पाटलांना भ्यायचं कारण नाही, आणि पाटील तर मोकळ्या वाटेवरही उतरले नव्हते. प्रभाकर बापाकडे बघत होता. शेवटी त्या नजरेपुढे पाटील मातीत बसले.

“प्याला नोहोता थो,” ते म्हणाले. “शुद्धीत होता. झेंडी वरतच होती. मीच म्हटलं, पडली म्हणून.”

म्हातारी मटकन खाली बसली आणि मोठ्यानं रडली. बांधावरची वस्ती हळूहळू पुढे आली. अण्णाजीनं पागोटं काढून हातात घेतलं. कुणीतरी म्हणालं, झालं, मिटलं आता, प्रभाकरला दवाखान्यात न्या.

“नाई मिटलं,” श्रावण म्हणाला. त्याच्या आवाजात दया नव्हती, आणि ती यावी अशी त्याची इच्छाही नव्हती. “प्रभाकरले घेऊन जा बंडीत, त्याचा काई गुन्हा नाई. पाटील, तुमी बसा. हे मराठीत झालं. माही साक्ष तुमी इंग्रजीत सांगितलती. आता हे बी इंग्रजीत सांगा.”

“इथं कोणाले समजते रे इंग्रजी?”

“तवा मले तरी कुठं समजत होतं? सांगा.”

पाटलांनी आजूबाजूला पाहिलं. कुणी मधे पडलं नाही. मग हळू आवाजात, अडखळत, ते मातीकडे पाहून इंग्रजी बोलू लागले. एवढ्या माणसांत कुणाला त्यातलं काही कळलं नाही. श्रावणला दोनच शब्द कळले, एक ‘फ्लॅग’ आणि एक गुलाबचं नाव. तो झेंडी हातात धरून सगळं संपेपर्यंत उभा राहिला.

“जरा जोरानं, पाटील,” मग तो म्हणाला. “विलायत लांब हाय.”

पाटलांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.